खंडेनवमीची यादी

सुनंदाताई,

तुम्ही गेल्यावर आपल्या इलेक्ट्रिकल सेक्शनचा चार्ज माझ्याकडे आला. ज्येष्ठतेनुसार. ऑर्डरमध्ये तसंच लिहिलंय. तो शब्द वाचला आणि मला भर ऑफिसात हसू आलं, मग डोळे भरून आले, मग बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. आज बावीस दिवस झाले. मी तुमच्या खुर्चीवर बसतो, पण अजून टेकून बसायचं धाडस होत नाही. परवा वाइंडिंगच्या बाकावरून कुणीतरी ‘ताई’ अशी हाक मारली आणि आम्ही सगळेच दाराकडे बघायला लागलो. हाक मारणाऱ्याचा चेहरा पाहवत नव्हता.

निवृत्तीला तुमची चार वर्षं होती आणि माझे चार महिने. म्हणजे निरोपाचं भाषण तुम्ही माझ्यासाठी करायचं, असं ठरलेलं होतं. त्यात माझी यथेच्छ टिंगल होणार, हेही ठरलेलं होतं. सकाळी छातीत दुखतंय म्हणालात आणि जेल रोडच्या घरून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. तुमच्यासारख्या बाईनं एवढी घाई करावी? आयुष्यभर मला सांगितलंत, ‘रमेश, घाईत केलेलं वाइंडिंग परत उसवावं लागतं.’

हे लिहितोय, कारण आपला एक हिशेब सरळ व्हायचा राहिलाय. त्यात चूक माझी आहे. पण तिथे जाण्याआधी मला तुमच्याबद्दल थोडं फुशारकीनं बोलू द्या. तुम्ही समोर असताना बोललो असतो तर ‘पुरे, कामाला लाग’ म्हणाला असतात.

मी तुमच्यापेक्षा वयानं तीन-चार वर्षांनी मोठा, आणि तरी पहिल्या दिवसापासून तुम्हाला ताई म्हणतो. सगळेच म्हणायचे. आपलं वर्कशॉप लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणारं. वर गणवेशातले साहेब, ते दोन-तीन वर्षांनी बदलून जाणार. खाली आपण, साध्या कपड्यातले सरकारी नोकर, ज्यांना तिथे ‘सिव्हिलियन’ म्हणतात. आपण कुठेच जात नाही. मी घोटीकडचा, भाताच्या शेतातून उठून आलेला, आणि तुम्ही देवळाली गावातल्या, आयटीआयला तुमच्या वर्गात तुम्ही एकट्या मुलगी होतात. ट्रकच्या सेल्फ-स्टार्टरचं आर्मेचर, म्हणजे त्याचा फिरणारा गाभा, उघडून त्यावर तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची, हे आपलं काम. त्यात वेटोळं एक जरी कमी-जास्त झालं तर गाडी दगा देते. आम्ही यंत्रावरचा आकडा बघायचो. तुम्ही आकडा बघायचात आणि वर ओठांतल्या ओठांत मोजायचातही. मी एकदा म्हटलं, ‘ताई, मशीन मोजतंय की.’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘मशीनची नोकरी जाणार नाय, माझी जाईल.’

तुमच्या ट्रेड टेस्टचा दिवस मला काल घडल्यासारखा दिसतो. वरच्या ग्रेडची परीक्षा. तुम्हाला सातवा महिना होता. साहेब म्हणाले होते, पुढच्या बॅचला बसा, घाई काय आहे. तुम्ही म्हणालात, ‘बाळ पोटात आहे साहेब, बोटांत नाही.’ बाकाला पोट लागायचं म्हणून तुम्ही तिरक्या बसलात आणि सहा तास तशाच तिरक्या बसून ते आर्मेचर पूर्ण केलंत. त्या दिवशी तुम्हाला तारेची रिळं आणून द्यायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी त्या बॅचला बसलो नव्हतो. मधे तुम्ही एकदाच थांबलात. मी घाबरून विचारलं, ‘काय झालं?’ तर हसून म्हणालात, ‘लाथ मारली. तिला पण वेटोळं चुकलेलं आवडत नाय वाटतं.’ मुलगीच होणार हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. परीक्षकांनी आर्मेचर तपासलं, फिरवून पाहिलं. मग मान डोलावली. बॅचमध्ये तुमचा नंबर पहिला आला.

निकालानंतर तुम्ही बाळंतपणाच्या रजेवर गेलात आणि प्रज्ञा झाली. तुमच्या बढतीची ऑर्डर निघाली तेव्हा तुम्ही घरी होतात. मधल्या काळात दुसऱ्या बॅचची परीक्षा झाली, तिच्यात मी पास झालो, दुसऱ्या प्रयत्नात. ऑर्डर हातात पडल्याबरोबर मी नव्या ग्रेडवर हजर झालो. माझ्यानंतर अकरा दिवसांनी तुम्ही रजा संपवून हजर झालात. एवढंच घडलं होतं. या अकरा दिवसांनी पुढे काय करून ठेवलं, ते आपल्या दोघांना माहीत.

नियम साधा आहे. आधीच्या बॅचला पास झालेला माणूस वरचा, मग तो हजर कधीही होवो. पण यादी करताना कुणीतरी बॅच न बघता फक्त हजर झाल्याची तारीख बघितली. माझं नाव वर गेलं, तुमचं खाली. बाळंतपणाची रजा तुमच्या ज्येष्ठतेत अशी कापली गेली, आणि कुणाला कळलंही नाही.

कळलं नाही ते खंडेनवमीमुळे. आपल्याकडची ही पद्धत बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो कपाळावर हात मारेल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा. सगळी यंत्रं पुसून लख्ख, लेथला झेंडूचे हार, पान्यांना हळद-कुंकू, आणि वर्षातून एकदाच घरच्यांना आत यायची परवानगी. बायका नव्या साड्या नेसून येणार, पोरं क्रेनखाली उभी राहून फोटो काढणार. त्या दिवशी कुणी गैरहजर नसतो. म्हणून आपले हेडक्लार्क, ज्यांना सगळे बाबूजी म्हणायचे, ते वर्षभराच्या सगळ्या सह्या त्या दिवशी उरकायचे. एकाच पाटीला अडकवलेले चार-पाच कागद. घरच्यांच्या गेटपासची यादी, आगीच्या सूचना, आणि त्यांच्याच मधे कुठेतरी ज्येष्ठतेची यादी. बाबूजी सटाण्याकडचे. जिलेबीची परात समोर ठेवून ओरडायचे, ‘करा रे सह्या पटपट, जिलबी थंडी व्हई राहिनी!’ आम्ही हातातला घास तोंडात टाकून सही ठोकायचो. बोटाला लागलेल्या पाकाचे डाग त्या कागदांवर असायचे. ज्येष्ठतेची यादी ही वाचायची गोष्ट असते, असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

तुम्हीही सही केलीत. चार वर्षं, चार खंडेनवम्या. कडेवर प्रज्ञा, तिच्या कपाळाला कुणीतरी लावलेलं कुंकू, ती पाटीवरचं पेन ओढतेय आणि तुम्ही हसत हसत सही करताय, असं एक चित्र माझ्याकडे आहे. वेटोळं न् वेटोळं मोजणाऱ्या बाईनं ती यादी वाचली नाही. त्या दिवशी तुम्हीही जरा सुखात होतात, एवढाच तुमचा गुन्हा.

मग वरच्या पदाची, चार्जमनची, एक जागा निघाली. यादीत वरचा म्हणून ती मला मिळाली. मी पेढे वाटले. तुम्ही पेढा खाल्लात, मनापासून म्हणालात, ‘छान झालं रमेश, वहिनींना सांगितलंस का?’ माझी बायको तेव्हा गावभर सांगत सुटली होती, ‘आमचं हे आता साहेब झालं, लय वरचं पद हाय.’ दुसऱ्या दिवशी तुमचे यजमान, आम्हा सगळ्यांचे सर, घरी तुम्हाला सहज म्हणाले, ‘रमेश तुझ्या नंतरच्या बॅचचा ना?’ तुमचे सर महापालिकेच्या शाळेतले मास्तर, हजेरीपट बघायची सवय असलेला माणूस. तुम्ही जुनी ऑर्डर काढलीत आणि मग यादी मागवलीत.

त्यानंतर तुम्ही जे केलंत, ते तुमच्याशिवाय कुणी केलं नसतं. अर्ज ऑफिसात द्यायच्या आधी तुम्ही तो घेऊन माझ्या बाकाशी आलात. म्हणालात, ‘रमेश, मी तुझ्या बढतीविरुद्ध अर्ज देतेय. तुला दुसऱ्याकडून कळायला नको, म्हणून आधी तुला सांगते. तुझ्याशी माझं भांडण नाही. यादी चुकलीय.’

मी काय बोललो, तेही इथे लिहितो. मी म्हणालो, ‘ताई, कशाला एवढी धावपळ? तुमचं काय, तुमचा कोटा आहे. पुढची जागा आपसूक तुम्हालाच येईल.’

तुम्ही हातातला पाना बाकावर ठेवलात. आवाज चढवला नाहीत. चढवला असतात तर बरं झालं असतं. म्हणालात, ‘कोटा आमच्या लोकांनी भीक म्हणून नाही घेतलेला, त्याची मला लाज नाही. पण कोट्याची जागा माझ्या मागून येणाऱ्या पोरीला मिळू दे. ही जागा माझ्या नंबराची आहे. पहिला नंबर आला होता माझा. मी ती नंबरानंच घेणार.’

आणि मग, जाता जाता, मागे वळून विचारलंत, ‘रमेश, इतकी वर्षं तू यादी कधी वाचली नव्हतीस?’

मी म्हणालो, ‘नाय हो ताई. कोण वाचतं यादी?’

सात महिने चाललं ते प्रकरण. युनियनवाले तुम्हाला समजवायला आले, दोन कामगारांनी आपसात भांडू नये म्हणाले. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि म्हणालात, ‘भांडत नाही, मोजतेय.’ ऑफिसचं उत्तर आलं की तुम्ही यादीवर चार वेळा सही केलेली आहे, तेव्हा आता हरकत घेता येणार नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत की ती सही यादी पोचल्याची आहे, पटल्याची नाही. हे वाक्य तुम्ही तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं आणि त्याखाली रेघ मारली होती. बाबूजींनी तो अर्ज मला दाखवला होता, डोकं खाजवत. ‘माले काय माहीत, ही बाई इतकं बारीक वाची!’ म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनाही आपण काय करून ठेवलं ते तेव्हा समजायला लागलं होतं.

कँटीनमध्ये लोक तुमच्या टेबलावर बसायचे बंद झाले. काही जण माझ्याकडे येऊन पाठीवर थाप मारायचे, ‘भाऊ, सोडू नको’ म्हणायचे. त्यांच्यातल्या एक-दोघांच्या तोंडी माझेच शब्द होते, कोट्याचे. ते त्यांच्या तोंडून ऐकताना मला माझी शरम वाटली. तुम्ही एकट्या डबा खायच्यात आणि डबा संपला की बाहेर कडुनिंबाखाली पाच मिनिटं उभ्या राहायच्यात, मग घंटेच्या आधी परत बाकावर. त्या सात महिन्यांत तुमचं एकही आर्मेचर परत आलं नाही. माझी तीन आली.

शेवटी साहेबांसमोर सुनावणी लागली. तुमच्या ऑर्डरवर परीक्षेची तारीख नव्हती आणि निकालाचं रजिस्टर सापडत नव्हतं. ऑफिसचं म्हणणं, दोघं एकाच बॅचचे असतील, मग जो आधी हजर झाला तो वरचा. तुमचा त्या रजिस्टरवर भरवसा होता आणि रजिस्टर नव्हतं. साहेब म्हणाले, ‘त्या परीक्षेच्या वेळी हजर असलेलं कुणी आहे का?’ परीक्षक केव्हाच निवृत्त होऊन आपापल्या गावी गेलेले.

मी नुसता गप्प बसलो असतो तरी बढती माझ्याकडेच राहिली असती. मला काही खोटं बोलायचीही गरज नव्हती. पण मला तुम्ही तिरक्या बसलेल्या दिसलात. ते सहा तास दिसले. मी म्हणालो, ‘साहेब, मी होतो. तारेची रिळं मी देत होतो. ताई माझ्या आधीच्या बॅचला पास झाल्या. मी त्या परीक्षेला बसलोही नव्हतो.’ साहेबांनी विचारलं, ‘याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?’ मी म्हणालो, ‘कळतो साहेब.’ त्यांनी लेखी मागितलं, मी लिहून दिलं. महिन्याभरात मला खाली उतरवलं आणि तुम्हाला चार्जमन केलं.

घरी काय झालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘त्या बाईचा जीव केवढा अन् हिंमत केवढी.’ मग तुमच्याकडे हळदी-कुंकवाला नाही, पण बुद्धपौर्णिमेला खीर खायला आली, आणि पुढे दर वर्षी येत राहिली.

तुम्ही चार्जमन झालात आणि पहिलं काम काय केलंत, तर यादीला खंडेनवमीपासून सोडवलंत. यादी वेगळ्या दिवशी यायला लागली, आणि ती कुणी एकट्यानं वाचायची नाही. बाकांच्या मधे सगळ्यांना उभं करून तुम्ही एकेक नाव, एकेक तारीख मोठ्यानं वाचायचात. ज्याचं नाव त्यानं आपली ऑर्डर हातात धरून ‘बरोबर’ म्हणायचं. पेठकडचा लक्ष्मण, सगळ्यात खालच्या ग्रेडचा, पहिल्या वेळी मागे भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, ‘ताई, त्यात माझा बी नाव हाय काय?’ तुम्ही म्हणालात, ‘तुझं नाव नसेल तर ही यादीच नाही.’ त्याला चार वर्षं ट्रेड टेस्टला बोलावलंच नव्हतं, हे त्या दिवशी बाहेर आलं. आज तो वरच्या ग्रेडला आहे, आणि शोकसभेत तुमच्या फोटोसमोर तोच सगळ्यात जास्त रडला. दुसऱ्या सेक्शनांनी आधी या वाचनाची टर उडवली, मग एकेक करून उचललं. आता सगळ्या वर्कशॉपात यादी वाचून होते. रजेवर असलेल्या बाईचं नाव आलं की तिच्या वतीनं शेजारची ‘बरोबर’ म्हणते. नव्या पोरींना वाटतं, हे असंच असतं. त्यांना तसं वाटतं, ही मला तुमची सगळ्यात मोठी बढती वाटते.

दोन वर्षांनी मलाही चार्जमन केलं. त्यानंतर तुम्ही सीनियर होत गेलात आणि माझा वार्षिक अहवाल तुमच्या हातून जायला लागला. त्यावरून आपली जी भांडणं झाली ती संपलीच नाहीत. तुम्ही मला ‘अत्युत्तम’ द्यायच्यात, त्याच्या वरचा ‘उत्कृष्ट’ कधीच नाही. मी विचारलं, ‘माझं काय कमी पडतं?’ तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘काम चोख आहे, वेळ पाळतोस, माणसं सांभाळतोस. पण कागद वाचत नाहीस. तूच म्हणाला होतास.’ आणि दर वर्षी शेऱ्यात लिहायच्यात, ‘कागदपत्रांकडे अधिक लक्ष देणे आवश्यक.’ मी चरफडायचो, आणि काही बोलू शकायचो नाही.

बोलू शकायचो नाही, कारण मी यादी वाचली होती, ताई.

पहिल्याच खंडेनवमीला वाचली. माझ्यावर किती जण आहेत ते बघायला बोट फिरवत होतो, आणि तुमचं नाव माझ्याखाली दिसलं. वाटलं, चूक आहे, दुरुस्त होईल. दुसऱ्या वर्षी परत बघितलं. तसंच होतं. तिसऱ्या वर्षी मी आधी तेच पान उघडलं, आणि ते अजून तसंच आहे म्हणून मला बरं वाटलं. चौथ्या वर्षीही. तुमच्या हातात पाटी देणारा मीच होतो. प्रज्ञा पेन ओढत होती तेव्हा पाटी मी धरली होती. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो.

आणि त्या सुनावणीनंतर तुम्ही एकोणीस वर्षं सगळ्यांना सांगत राहिलात, ‘रमेशनं स्वतःचं पद सोडून माझी साक्ष दिली. एवढं मन कुणाचं असतं?’ प्रत्येक नव्या पोराला, प्रत्येक बदलून आलेल्या साहेबाला. मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा. ती साक्ष खरी होती, पण ती चार वर्षं उशिरा आली होती, आणि तो उशीर मी लपवून ठेवला. किती वेळा ठरवलं की सांगायचं. तुमच्या घरी खीर खाताना, शिलापूरच्या कामाला एका जीपमधून जाताना, मागच्या पावसाळ्यात तुम्ही माझ्या मुलाच्या लग्नात पंगतीला वाढत होतात तेव्हा. तुमच्या डोळ्यांतला तो माझ्याबद्दलचा अभिमान मला सोडवला नाही. तुम्हाला कळलं होतं का? दर वर्षी तो शेरा लिहिताना तुमच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी असायचं. कळलं असेलही. आता ते विचारायला माणूस नाही.

दहा दिवसांपूर्वी वर्कशॉपमध्ये तुमची शोकसभा झाली. सर आणि प्रज्ञा पहिल्या रांगेत होते. साहेबांनी भाषणात तुमची गोष्ट सांगितली, आणि ओघानं माझीही, मोठ्या मनाच्या रमेश भोरची. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, पण वाजल्या. मग मला बोलायला उभं केलं. मी तयारी केलेलं भाषण खिशातच राहिलं. मी आत्ता तुम्हाला जे सांगितलं तेच सगळ्यांसमोर सांगितलं, कोट्याच्या त्या शब्दांसकट. बाबूजी आता ऐंशीच्या घरात, काठी टेकत आले होते, त्यांनी मान खाली घातली.

सभा संपल्यावर प्रज्ञा गेटपाशी माझ्याजवळ आली. मला वाटलं, म्हणेल काका जाऊ द्या, आता काय त्याचं. ती तुमची मुलगी आहे, ताई. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, ‘काका, हे तुम्ही आईला सांगायला हवं होतं.’ मी म्हणालो, ‘हो.’ मग म्हणाली, ‘आईच्या पुण्यानुमोदनाला या, रविवारी. काकूंना घेऊन या.’ आम्ही गेलो. तिनं मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. तिनं पंगतीत मला तिच्या शेजारी बसवलं.

तुमच्याकडे माफी मागायची मुभा मी स्वतःच घालवली. पण तुमचा हाताखालचा माणूस होतो, याचा अभिमान मला कुणी नाकारू शकत नाही. लोक म्हणतात, बाईच्या हाताखाली काम करणं जड गेलं नाही का? मी म्हणतो, सगळ्यात जड गेलं ते तिच्या वरती बसलेले सात महिने. तुम्ही स्वतःपुरती जागा मिळवून थांबला असतात तरी मी तुम्हाला मानलं असतं. तुम्ही सगळ्यांना आपापली ऑर्डर हातात धरून उभं राहायला शिकवलंत.

आज माझ्या पेन्शनच्या कागदांसाठी आस्थापना शाखेत गेलो होतो. तिथे एक नवी क्लार्क आहे, गेल्याच आठवड्यात दुसऱ्या शहरातून बदलून आलेली, चुणचुणीत. माझं सेवापुस्तक चाळता चाळता ती थांबली. म्हणाली, ‘सर, इथे तुम्हाला एकदा खाली उतरवल्याची नोंद आहे, पण कारण लिहिलेलं नाही. कुणाला वाटेल, काहीतरी गुन्हा केला म्हणून शिक्षा झाली. मी प्रशासकीय कारण असं लिहून घेऊ का? चांगलं दिसेल.’

मी म्हटलं, ‘नको. खरं कारण लिही. सुनावणीची फाइल काढ, त्यात आहे. सुनंदा गांगुर्डे आधीच्या बॅचला पास झाल्या होत्या, म्हणून.’

तिनं फाइल काढली, नियमानं काय लिहायचं ते बघितलं, आणि लिहायला लागली. तुमचं पूर्ण नाव लिहून झाल्यावर मान वर करून तिनं विचारलं, ‘या तुमच्या कोण लागायच्या, सर?’

मी म्हटलं, ‘माझ्या सीनियर.’